जुन्या मोझॅकवर लाकडी फ्लोअरिंग: फरशी न फोडता जमेल का?

पागोळी | १४ जून, रात्री ९.४०

मंडळी, थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमची पुण्यातली बंगली १९६७ची. १९६१ला पानशेतच्या पुरात नदीकाठचं बिऱ्हाड गेलं, मग आजेसासऱ्यांनी लांबवर प्लॉट घेऊन जमेल तशी बांधली. खाली-वर मिळून पाच खोल्या. सगळीकडे दहा इंची मोझॅक, पांढऱ्यात काळे-पिवळे ठिपके. साठ वर्षं होत आली, फरशी अजून धड आहे. मधे दोन-चार ठिकाणी तडे, स्वयंपाकघराच्या दाराशी खोलगट झालेली, बाकी तक्रार नाही.

तरी लाकूड का हवंय? सासूबाई ७८ वर्षांच्या. डिसेंबरात पहाटे उठल्या की फरशी पायाला चावते म्हणतात. गुडघे आखडतात. मोजे घातले तर घसरायची भीती. आणि वरच्या खोलीत लेक कथकचा रियाज करते, तिच्या बाईंनी सांगितलंय की सिमेंटच्या फरशीवर रोज तत्कार (पायांचं काम) करून टाचांची वाट लागेल.

तीन जण बघून गेले. पहिला म्हणतो सगळी फरशी उखडा. दुसरा म्हणतो वरच दीड इंच कोबा (सिमेंट-काँक्रीटचा थर) टाकून लेव्हल काढू आणि त्यावर लाकूड. तिसऱ्याने दारातूनच मोबाईलवर रंग दाखवले, "ताई, एका दिवसात बसवून देतो", चपलासुद्धा काढल्या नाहीत. फरशीला तिघांपैकी एकाचाही हात लागला नाही.

दिवाळीच्या आत व्हावं असं वाटतंय. कुणी जुन्या फरशीवर थेट बसवलंय का?

ओळंबा | १४ जून, रात्री १०.१५

खालची खोली की वरची? आधी ते सांगा.

पागोळी | १४ जून, रात्री १०.३२

दोन्ही. खाली सासूबाईंची १२ बाय ११, तिची एक भिंत न्हाणीघराला लागून. वर लेकीची १४ बाय ११.

ओळंबा | १५ जून, सकाळी ७.०५

मग ही दोन वेगळी कामं समजा. वरची सोपी आहे, खालचीचं आत्ता काहीच सांगता येणार नाही. (सिव्हिलमध्ये ३४ वर्षं काढली, आता नातवंडं आणि हा कट्टा.)

कोबावाल्याला आधी हाकला. तुमची वरची खोली १५४ स्क्वेअर फूट, म्हणजे साधारण १४ चौरस मीटर. दीड इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला ८० किलोच्या आसपास होतं. म्हणजे १९६७च्या स्लॅबवर कारण नसताना टनभर ओझं. आठ एमएमचं लॅमिनेट (दाबलेल्या भुशाच्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या) त्याच खोलीत शंभर किलोत बसतं. शिवाय कोबा केलात की दारं, उंबरठे, जिन्याची शेवटची पायरी, सगळ्यांची उंची चुकते. जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा दीड-दोन इंचांनी कमी झाली की माणूस पडतोच, म्हातारं असो की तरणं.

उखडायचीही गरज नाही. फरशीवर हातोडीच्या दांड्याने एकेक लादी वाजवत जा. टणक वाजली तर ठीक. बदबद वाजली तर खालून सुटलेली आहे, तेवढीच काढून परत बसवा. मग गवंड्याची सहा फुटी ॲल्युमिनियमची फंटी (सरळ पट्टी) घेऊन आडवी-उभी-तिरकी फिरवा. दोन मीटरमध्ये ३ एमएमपेक्षा जास्त फट दिसली तर तिथे लेव्हलिंग कंपाउंड. उंचवटा असेल तर घासून काढा. हे न करता फळ्या टाकल्या तर पाय पडेल तिथे खालीवर होतात, आणि वर्षभरात फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या क्लिक-लॉकच्या जिभा तुटतात.

आता खालची खोली. त्या काळी तळमजल्यावर मुरूम, त्यावर चुन्याचा नाहीतर साधा काँक्रीटचा थर आणि वर फरशी. खाली प्लास्टिक वगैरे कोण घालत होतं? जमिनीतला ओलावा कायम वर येत असतो. मोझॅकमधून आणि सांध्यांतून तो उडून जातो म्हणून तुम्हाला दिसत नाही. त्यावर लाकूड झाकलं की तो जाणार कुठे?

करून बघा: दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, चारही कडा टेपने घट्ट फरशीला चिकटवा. किमान १६ तास ठेवायचा असतो, तुम्ही तीन दिवस ठेवा. खोलीत चार ठिकाणी लावा, एक न्हाणीघराच्या भिंतीशी. प्लास्टिकच्या आतून थेंब आले किंवा खालची फरशी गडद झाली तर थांबायचं. आणि ही चाचणी ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यात पुण्यातली कुठलीही फरशी पास होते.

खारफुटी | १५ जून, दुपारी १.२०

ओळंबा काकांचा शब्दन् शब्द खरा, मी किंमत मोजून शिकलोय.

ठाण्याला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे जमिनीच्या ओलीचा प्रश्न नव्हता. एप्रिलमध्ये हॉलला लॅमिनेट टाकलं. काम करणारा एकदम सफाईदार, फळी भिंतीला अशी टेकवली की मधे कागद जाणार नाही. मी कौतुकाने फोटो काढले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सोफ्यासमोर जमीन उचलायला लागली. आठ दिवसांत मधोमध तंबू. पाय दिला की खाली जायचा, काढला की वर. लेकाला ट्रॅम्पोलिन मिळालं.

लॅमिनेटच्या आतली एचडीएफ म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा. पावसाळी हवेतला दमटपणा पिते आणि पसरते. पसरायला भिंतीशी ८ ते १० एमएम जागा सोडायची असते, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली) झाकली जाते. आमच्या सफाईदार माणसाने तीच सोडली नव्हती. मग स्कर्टिंग काढून चारही बाजूंनी कटरने जागा केली, दोन दिवसांत जमीन आपोआप बसली. पण तीन फळ्यांचे सांधे कायमचे उठले ते उठलेच.

म्हणून काम चालू असताना स्वतः वाकून बघा. भिंत आणि फळीच्या मधे लाकडी पाचरी दिसल्या पाहिजेत. नसतील तर तिथल्या तिथे थांबवा.

चुनखडी | १५ जून, दुपारी ४.०२

साठ वर्षांची मोझॅक झाकायची? पाप लागेल हो.

मोझॅक म्हणजे संगमरवराची खडी आणि सिमेंट. पॉलिशवाल्याला बोलवा, मशिनवर तीन-चार नंबरचे दगड फिरवेल, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड, की तोंड दिसेल अशी चमकते. हे दर पंधरा वर्षांनी करता येतं. तुमचं लॅमिनेट एकदा घासलं की खालचा भुसा दिसणार. १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या ध्यासातून सिमेंटच्या फरश्यांचा कारखाना काढला. तेव्हा चांगली फरशी म्हणजे विलायती अशी समजूत होती. त्या काळातल्या फरश्या आजही मुंबईच्या जुन्या इमारतींत पायाखाली आहेत. शंभर वर्षं टिकणारी वस्तू असताना दहा-पंधरा वर्षांच्या मालाने झाकायची, हे गणित मला तरी कळत नाही.

पागोळी | १५ जून, दुपारी ४.३०

चुनखडी, गणित बरोबर आहे, पण गारठ्याचं काय? पॉलिश केलेली फरशी ऊबदार होते का? उलट घसरडी होईल.

चुनखडी | १५ जून, दुपारी ४.४१

सतरंजी.

ओळंबा | १५ जून, सायंकाळी ६.१०

चुनखडींच्या बोलण्यातलं एक उचला. काहीही बसवलंत तरी फरशीला चिकटवू नका. लॅमिनेट किंवा क्लिकचं इंजिनिअर्ड वुड (खाली प्लाय, वर खऱ्या लाकडाचा थर) फोमवर नुसतं पसरलेलं असतं, फळ्या एकमेकींत अडकतात, फरशीला नाही. उद्या नको वाटलं तर उचलून ठेवा, खालची मोझॅक जशीच्या तशी. डिंक लावून बसवलंत तर काढताना मोझॅकचं तोंडही जातं.

हडसनकाठ | १६ जून, सकाळी ८.२५

न्यू जर्सीहून हात वर करतो. आमचं घर १९५४चं, घेतलं तेव्हा सगळीकडे जाड कार्पेट. बेसमेंटमधला कोपरा उचलला तर खाली चॉकलेटी रंगाच्या चौकोनी टाइल्स. मी हातोडा-पटाशी घेऊन उखडायला बसलोच होतो. शेजारचे आजोबा गाडी धुता धुता डोकावले आणि म्हणाले, टाइल मोजलीस का? मोजली. नऊ इंच बाय नऊ इंच.

इकडे त्या काळच्या नऊ इंची विनाइल टाइल्समध्ये बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, खालच्या काळ्या डांबरी गोंदातसुद्धा. टाइल अखंड आहे तोवर धोका नाही. फोडली, घासली, सँडिंग केलं की धागे हवेत जातात आणि ते फुफ्फुसात बसतात ते बसतात. एक तुकडा ओला करून, पिशवीत सीलबंद करून लॅबला दिला. निघालं ॲस्बेस्टॉस. मग उखडायचा विचार सोडला आणि जशीच्या तशी झाकली. वर फोम, वर तरंगतं फ्लोअर. पुढेमागे घर विकताना कागदावर लिहून देईन.

पागोळी, तुमच्याकडे मोझॅक आहे, ही भीती नाही. पण सांगायचा मुद्दा असा की जुन्या घरात खाली काय आहे हे कळल्याशिवाय हातोडा उचलू नये.

जाता जाता, वरच्या मजल्यावर आमच्याकडे अस्सल ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या आहेत. जानेवारीत हीटिंगने हवा इतकी कोरडी होते की पट्ट्यांमधल्या फटीत नाणं उभं राहतं. जुलैत त्याच फटी मिटतात. लाकूड जुनं झालं तरी हा श्वास थांबत नाही.

फणसफळी | १६ जून, रात्री ९.५०

आमच्या राजापूरच्या घराला माळा आहे, फणसाच्या फळ्यांचा. आजोबांच्याही आधीचा. कुणी क्लिक-लॉक केलेला नाही, फळ्या वाशांवर ठोकल्यात आणि मधे करंगळी जाईल एवढ्या फटी. लहानपणी वरून खालच्यांच्या ताटात धूळ पाडायचा उद्योग आम्ही याच फटींतून केला. त्या फटींतून हवा खेळते म्हणूनच तो माळा कोकणच्या पावसात टिकला. खाली जमीन मात्र शेणाने सारवलेली. जमिनीवर लाकूड घालायचं हे आमच्याकडे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, कारण वाळवी.

ताई, वाळवीचं कुणी विचारलं नाही अजून! लॅमिनेटचा भुसा तिला पुरणपोळीसारखा. खालच्या खोलीत आधी बघून घ्या.

ओळंबा | १७ जून, सकाळी ७.१५

फणसफळी, बरं झालं आठवण केलीत. मी विसरलो होतो.

जुन्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण फुटाफुटावर ड्रिलने बारीक भोकं पाडून औषध भरतात आणि सिमेंटने बुजवतात. इमिडाक्लोप्रिड वापरतात हल्ली, त्याला रॉकेलसारखा वास नसतो. हे फ्लोअरिंगच्या आधी. नंतर करायचं म्हटलं तर फळ्यांना भोकं. चौकटीच्या पायथ्याशी मातीची बारीक नळी दिसते का तेही बघा, टॉर्च लावून.

पागोळी | २१ ऑगस्ट, रात्री ८.५५

सगळ्यांच्या आज्ञेप्रमाणे दोन महिने गप्प बसले. आता निकाल.

वरच्या खोलीत तीन प्लास्टिकं लावली. तीन दिवसांनी काढली, खडखडीत. लाद्या वाजवल्या, खिडकीखालच्या चार बदबद निघाल्या. फंटी फिरवली तर पलंगाच्या जागी ५ एमएमचा खड्डा.

खालची खोली. चारपैकी तीन प्लास्टिकांवर हलकंसं धुकं. चौथं, न्हाणीघराच्या भिंतीजवळचं, दुसऱ्याच दिवशी आतून थेंबांनी भरलं. टेप काढली तर खालच्या लादीचा रंगच बदललेला. पांढऱ्याचा करडा. बोटाने दाबलं तर गार आणि चिकट. आणि एक वास, बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांसारखा. सासूबाई पलंगावरून बघत होत्या. म्हणाल्या, "तिथे मी चपला ठेवत नाही, बुरशी येते." मी विचारलं, किती वर्षं? "दहा-बारा असतील." आणि हे आम्हाला आज कळतंय!

प्लंबर आला. न्हाणीतला ट्रॅप (सांडपाणी जायचं भांडं) भिंतीला जिथे टेकतो तिथला सांधा गेलेला. अंघोळीचं पाणी थोडं थोडं फरशीखाली मुरतंय, देव जाणे कधीपासून. वाळवी नाही निघाली, एवढंच नशीब.

तिसरा ठेकेदार (चपलावाला) म्हणतो, "ताई, मग एसपीसी टाका, वॉटरप्रूफ असतं, ओल असली तरी काय फरक पडत नाही." खरं का हे?

खारफुटी | २१ ऑगस्ट, रात्री ९.१०

अर्धं खरं. एसपीसी म्हणजे दगडाची पूड आणि प्लास्टिक, ते फुगणार नाही आणि वाळवीही खाणार नाही. आमच्या तंबूनंतर स्वयंपाकघरात तेच टाकलंय, छान आहे.

ओळंबा | २२ ऑगस्ट, सकाळी ६.५०

आणि उरलेलं अर्धं मी सांगतो. फळी फुगणार नाही, पण पाणी राहणारच. प्लास्टिकच्या फळीखाली अडकून भिंतीत चढेल. प्लास्टर पोपडे धरेल, स्कर्टिंगच्या मागे बुरशी येईल, आणि ज्या वासाचं तुम्ही लिहिलंत तो ७८ वर्षांच्या बाईंच्या नाकाशी रात्रभर. वॉटरप्रूफ फळी आहे हो, खोली नाही.

ट्रॅप दुरुस्त करा. ती भिंत आणि फरशी सुकायला वेळ द्या, निदान पुढचा उन्हाळा जाऊ द्या. पुढच्या ऑगस्टमध्ये परत प्लास्टिक लावा. थेंब गेले आणि धुकंच उरलं तर २०० मायक्रॉनची प्लास्टिक शीट, सांध्यावर वीतभर एकावर एक, टेप मारून, कडा भिंतीवर दोन इंच चढवून, आणि त्यावर एसपीसी. तोवर चुनखडींची सतरंजी.

चुनखडी | २२ ऑगस्ट, सकाळी ११.३०

:)

मोगरी | २२ ऑगस्ट, दुपारी ३.१५

एक घरगुती प्रश्न. तुमच्याकडे फरशी कोण पुसतं? आमच्या मावशींना बादलीभर पाणी आणि निथळता पोछा याशिवाय पुसल्यासारखं वाटत नाही. आमचं लॅमिनेट ओलीने नाही, मावशींच्या निगुतीने गेलं. सांध्यासांध्याला कडा वर आल्या. मी रोज सांगायचे, घट्ट पिळून घ्या. त्या हो म्हणायच्या आणि मी ऑफिसला गेले की परत तेच. त्यांचंही चूक नाही, वीस वर्षं मोझॅक पुसलीय त्यांनी.

आणि कथकचं म्हणाल तर लॅमिनेटवर घुंगरांनी चरे पडतील आणि आवाज पोकळ येईल, ढोलकीवर नाचल्यासारखा. लेकीला आधी दुकानात नेऊन सॅम्पलच्या तुकड्यावर पाय मारून बघायला सांगा.

पागोळी | १९ ऑक्टोबर, रात्री १०.२०

वरची खोली झाली! लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल.

मोगरीच्या सांगण्यावरून लेकीला दुकानात नेलं. तिने दुकानदारासमोर आठ एमएम लॅमिनेटवर चार वेळा पाय मारला आणि तोंड वाकडं केलं. शेवटी १४ एमएमचं इंजिनिअर्ड ओक घेतलं, खाली प्लाय, वर खऱ्या लाकडाचा ३ एमएमचा थर. बजेट कोसळलं, पण खालची खोली होत नाहीये, ते पैसे वर वळवले. खाली फोमऐवजी २ एमएमचं दाट रबर, आवाजासाठी. आवाज भरीव येतो, अगदी रंगमंचासारखा नाही. घुंगरू मात्र बाईंच्या क्लासलाच बांधायचे असा तह झालाय.

चार बदबद लाद्या गवंड्याने परत बसवल्या, खड्डा भरला. फळ्यांची खोकी तीन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवली, न उघडता, खोलीची हवा लागायला. १५४ स्क्वेअर फुटांना १६६चा माल मागवला, उरला तो जेमतेमच.

सगळ्यात वेळ गेला तो दारापाशी. सागवानी चौकट, साठ वर्षांचे रंगाचे थर. मला वाटलं फळी चौकटीच्या आकाराने कापून बसवतील. आमचे सुतारकाका (हो, ठेकेदार बदलला) म्हणाले, ते दिसायला भिकार दिसतं. त्यांनी रबराचा तुकडा ठेवला, त्यावर फळीचा तुकडा पालथा टाकला, त्यावर करवत आडवी धरली आणि चौकटीचा पाय तेवढाच, बरोबर फळीच्या जाडीचा, कापून काढला. मग फळी चौकटीखाली अशी सरकली की चौकट तिच्यावरच उभी केलीय असं वाटावं. कापलेला पातळ तुकडा हातात घेऊन त्यांनी हुंगला आणि मला दिला. साठ वर्षांनीही सागाचा वास होता त्याला.

दार बिजागऱ्यांतून काढून खालून १८ एमएम कापलं. भिंतीशी १० एमएमच्या पाचरी होत्या, खारफुटी, मी वाकून मोजल्या.

खाली ट्रॅप बदलला, भिंतीचं प्लास्टर फूटभर उंचीपर्यंत काढून उघडं ठेवलंय. सासूबाईंना पलंगापासून दारापर्यंत सोलापूरची जाड सतरंजी घातली, खाली घसरू नये म्हणून रबराची जाळी. काल सकाळी त्यावरून चालत आल्या आणि म्हणाल्या, हे एवढंच करायचं होतं तर चार महिने माझ्या खोलीत प्लास्टिकं कशाला चिकटवत होतीस?

एक प्रश्न राहिलाय. वरच्या दारात लाकूड आणि बाहेरच्या मोझॅकमध्ये १६ एमएमचा उंचवटा आलाय. तिथे उताराची पट्टी बसवायचीय, सुतारकाका म्हणतात सागाची करून देतो, दुकानदार म्हणतो ॲल्युमिनियमची घ्या. काय करू?

ओळंबा | २० ऑक्टोबर, सकाळी ७.००

सागाची. अडीच-तीन इंच रुंद, म्हणजे उतार हलका येईल. फक्त ती फळीला ठोकू नका, बाहेरच्या मोझॅकच्या बाजूला पक्की करा. फळीला त्याखाली सरकायला जागा राहिली पाहिजे.

फणसफळी | २० ऑक्टोबर, सकाळी ९.४०

आणि तो कापलेला सागाचा तुकडा टाकू नका हो!

पागोळी | २० ऑक्टोबर, सकाळी ९.५२

देवघरात ठेवलाय सासूबाईंनी. आजेसासऱ्यांनी बसवलेली चौकट ना.